कोबेचा मुराळी

“संगं कोन हाय?” रंगरावानं मान वर न करता विचारलं आणि सोजरचा पुढं केलेला हात खिडकीच्या गजांत तसाच राहिला. उंद्रीचं एक तिकीट द्या, एवढंच ती म्हणाली होती. खामगावहून चिखलीला जाणारी सर्विस मोटार तिच्या पाठीशी उभी होती. टपावर सरकीची पोती चढत होती, क्लीनर दर पोत्यामागं कुणाच्या तरी आईचा उद्धार करत होता, आणि एवढ्या गलक्यात हा प्रश्न तिला कुणी कानाशी येऊन बोलल्यासारखा ऐकू आला. “कोनी नाही,” ती म्हणाली. तेव्हा रंगरावानं मान वर केली. आधी तिच्या मागं पाहिलं, मग बाजूला पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडं. एखादी गाय आपसूक कोंडवाड्याच्या दाराशी आली असावी आणि तिच्या शिंगावर मालकाचं नाव कोरलंय का ते पाहावं, तसं. “कोनी नाही मंजे? मालक कुठी हाय तुमचे?” “कामावर.” “अन् भाऊ?” “उंद्रीले.” “मंग थो काऊन नाही आला घ्याले?” याचं उत्तर सोजरजवळ होतं. पण ते द्यायचं तर कोबे शहर, बर्फ, रताळ्याची एक हातगाडी आणि एका पोलिसाचे बूट एवढं सगळं त्या खिडकीतून आत सारावं लागलं असतं. ती म्हणाली, “माय बिमार हाय माही.” रंगरावानं जिभेनं च्‌च्‌ केलं. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. “थे खरं हाय, बाई. पन एकट्या बाईले मी तिकीट देत नाही. वाटंत काही झालं तं लोक मले धरतील. उभ्या राहा जराशा, उंद्रीकडचं कोनी आलं तं लावून देतो त्याच्या संगं.” वाटेत काही झालं तर जो करील त्याला कुणी धरणार नव्हतं, हे रंगरावाला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. ती भिंतीशी सरकली. गाठोडं छातीशी धरलं. माघाची उन्हं भिंतीवर होती, भिंत ऊबदार होती, आणि त्या उबेला पाठ टेकली तशी तिला आईची पाठ आठवली. लहानपणी ताप आला की आई तिला पाठीशी पाठ लावून बसवायची. तुहा ताप मले दे, म्हणायची.

उंद्रीची तानुबाई खामगावच्या बाजारात वांगी घेऊन येते. परवाच्या बाजारी वांगी पदरात टाकता टाकता ती खालच्या आवाजात बोलली होती, “तुही माय भाकर सोडून बसली वं. पेजेवर हाय. सारखी दाराकडं पाह्यते.” तेव्हापासून सोजरच्या डोक्यात एक दार होतं आणि त्या दाराकडं लागलेले दोन डोळे होते. पण माहेरी जायचं तर मुराळी पाहिजे. भाऊ, नाहीतर चुलता, मावसभाऊ, माहेरचा कुणीतरी पुरुष न्यायला यावा; त्याच्या पायावर पाणी घालावं, त्याला गोडाचं जेवू घालावं, आणि मग लेक त्याच्या मागून निघावी. बिनमुराळ्याची लेक वेशीत दिसली की गाव काय ते समजून घेतं. टाकली, नाहीतर पळाली. तिसरा अर्थ गावाला लावता येत नाही. सोजरची सासू झुंबरबाई वाईट नव्हती. तिनं रात्रीच्या भाकरी थापता थापता सांगितलं, “जाय नोको, असं मी मनत नाही. तुही माय हाय. पन तू एकटी वेशीत शिरली अन् कोनी मायच्या कानावर घातलं का लेक निघून आली, तं थे बुढी दुखण्यानं मरन नाही, तुह्या काळजीनं मरन. याचा इचार कर.” सोजरचा नवरा शालिग्राम भिंतीला टेकून ऐकत होता. तो हळूच म्हणाला, “मी येऊ का संगं?” “तुमी आले तं सोडून द्याले आले मनतील,” सोजर म्हणाली. खरं होतं. एकटी गेली तर पळालेली, नवऱ्यानं नेली तर परत केलेली, भावामागं गेली तरच लेक. माणूस तेच, पाय तेच, रस्ता तोच. पुढं कोण चालतो त्यावर बाईचं नाव ठरतं. आणि तिचा भाऊ अर्जुनराव दोन वर्षं झाली, फिरकला नव्हता. दिवाळी गेली, अक्षय्यतृतीया गेली, पुन्हा दिवाळी गेली. तुले मुराळी भेटला ना तिकडं, असं तो गेल्या खेपेला तोंडावर म्हणाला होता, आता थोच येईन तुले न्याले.

शालिग्राम खामगावात एका जपानी कंपनीत कापसाची प्रत पाहायचा. चिमटीत कापूस धरायचा, दोन्ही अंगठ्यांनी ओढायचा, आणि तुटलेल्या तंतूकडं बघत बसायचा. कंपनीनं त्याला कोबे बंदरावर नेलं, वऱ्हाडच्या गाठी उतरल्या की तिथं पुन्हा तपासायला. “मले भाकर कोन देईल तिकडं?” असं म्हणून तो सोजरलाही घेऊन गेला. त्याचं प्रेमाचं बोलणं भाकरीच्या पुढं कधी गेलं नाही, पण भाकरीपर्यंत ते नेहमी पोचलं. ज्वारीच्या पिठाचे डबे घेऊन ती आगबोटीत बसली. तिथं डोंगराच्या उतारावर, एका अरुंद बोळात, लाकडाचं दोन खोल्यांचं घर. पहिलं वर्ष ती शालिग्रामच्या पाठीमागून चालली आणि शहर तिनं त्याच्या खांद्यावरून पाहिलं. मग हिवाळ्यात त्याला मुदतीचा ताप आला. कंपनीच्या माणसांनी उचलून खालच्या भागातल्या दवाखान्यात नेला, आणि सोजर त्या बोळात एकटी उरली. उंद्रीत असताना ती विहिरीवरसुद्धा एकटी गेली नव्हती. आता रोज ट्रामनं जायचं होतं, ट्रामनं यायचं होतं. पहिल्या दिवशी ती खांबाजवळ उभी राहिली. ट्राम आली, थांबली, गेली. ती चढली नाही. कुणीतरी तिला विचारावं, संगं कोन हाय, याची ती वाट पाहत होती. विचारलं की ती सांगणार होती. ताप, दवाखाना, सगळं. आणि मग कुणीतरी तिला जा म्हणणार होतं. दुसरी ट्राम आली. शेजारी एक पोरगी हातात छत्री घेऊन उभी होती, एकटी. एक म्हातारी पाठीला बोचकं बांधून आली, एकटी. त्या चढल्या. सोजरला कुणी काही विचारलं नाही. न विचारण्याचीच तिला भीती वाटली, जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तशी. ती चढली तेव्हा तिचे हात गार पडले होते. आणि ती उतरली तेव्हा मात्र, का कोण जाणे, तिला हसू येत होतं. दवाखान्यात शालिग्राम डोळे मिटून पडला होता. त्याच्या कानाशी वाकून ती म्हणाली, “अहो, मी आली. एकटी आली.” त्यानं डोळे न उघडता विचारलं, “भाकर आनली?”

“ओ बाई, झाली तुमची सोय!” रंगराव खिडकीतून ओरडला. “हे रामराव. अमडापूरचे. यायच्या संगं बसा, हे तुमाले उंद्रीले उतरून देतीन.” पिवळ्या पटक्याचा एक आडदांड माणूस पुढं आला. मघापासून समोरच्या चहाच्या दुकानातून हाच तिच्याकडं टक लावून पाहत होता, हे सोजरनं पाहिलं होतं. रंगरावानं पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलं होतं आणि त्याला ते पाहण्यासारखं वाटलं नव्हतं. हा कोण, कुठला, कसा, हे कुणी त्याला विचारलं नाही. तो पुरुष होता आणि त्याच वाटेनं जात होता, एवढं पुरलं. तिकीट मिळालं. मोटारीत लाकडी बाकं होती. रामराव आधी तिला आत सरकू देऊन मग कडेला बसला, म्हणजे ती त्याच्यात आणि पत्र्यात अडकली. “घाबरू नोका, बाई,” तो म्हणाला. “आपन हाव ना.” गाडी सुरू झाली. बाजारपेठ गेली, जिनिंगची धुराडी गेली, कापसाच्या गाड्यांची रांग गेली. त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला. रस्ता खराब होता, मोटार हलत होती, गुडघा लागतो. तिनं पाय आवरला. गुडघा मागोमाग आला. तिनं अंग चोरलं, पत्र्याचा गार काठ खांद्याला रुतला. बाहेर हरभऱ्याची शेतं होती, एका शेतात मचाणावर राखणदार उभा होता, गोफण फिरवत होता, आणि तिला वाटलं, आपली राखण अशी का करतात? राखणदार ठेवतात तो पाखरं हाकलायला. आपल्याला मात्र पाखराच्याच हवाली करतात, आणि मग म्हणतात, आता भ्याचं कारन नाही. तो गुडघा आता आपला हक्क असल्यासारखा तिथं टेकून होता. मोटारीत वीस-बावीस माणसं असतील. सगळी समोर पाहत होती. ती ओरडली तर पहिला प्रश्न काय येईल हे तिला माहीत होतं. एकटी काऊन निघाली?

तिनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं बर्फ आला. त्या दिवशी दुपारपासून पडत होता, आणि तिला तो आधी कापसाच्या जिनात उडणाऱ्या रुईसारखा वाटला; नाकातोंडात जाईल म्हणून तिनं पदर लावला आणि पदरावर तो पाणी झाला. परतीच्या ट्राममध्ये ती नेहमीसारखी खिडकीशी बसली. तिची उतरायची खूण म्हणजे एका दुकानाची पाटी, तिच्यावर मोठा पांढरा मुळा रंगवलेला. मुळा दिसला की उठायचं. अक्षरं तिला गावचीही येत नव्हती, तिथली कुठून येणार. त्या दिवशी पाटीवर बर्फ बसला. सगळंच पांढरं, त्यात पांढरा मुळा कसा दिसणार? ट्राम जात राहिली. ती उतरली तेव्हा घरं अनोळखी होती, दिवेलागण झाली होती, आणि तिच्या पावलांखाली करकर वाजत होतं. समोरून माणसं येत होती, काळे कोट, खाली घातलेल्या माना. ती एका भिंतीला टेकली. ती भिंत मात्र गार होती. तिनं अंबाड्याची सुई काढून मुठीत धरली. मग तिला लांब एक तांबडा दिवा दिसला, एका एवढ्याशा खोलीच्या दारावर, गोल, कुंकवासारखा. आत एक पोलिस शेगडीवर हात शेकत होता. चाळिशीचा असेल, गालावर देवीचे व्रण. उंद्रीला पोलिस येतो तो कोंबडी घेऊन जायला. पण तिचे पाय तोवर आत गेले होते. “मले घरी जायचं हाय,” ती त्याला सरळ वऱ्हाडीत म्हणाली. तो उठला. काहीतरी बोलला. तिनं परत सांगितलं, मोठ्यानं, जसं मोठ्यानं सांगितलं की परका माणूसही समजतो. तो वाकून ऐकत राहिला. शेवटी तिला त्या भाषेतला येणारा एकच शब्द आठवला, जो ती रोज सकाळी बोळातल्या हातगाडीवाल्याशी बोलायची. “इमो,” ती म्हणाली. रताळं. पोलिसाच्या तोंडावर उजेड पडला. अरे, बाईला भूक लागली! त्यानं टोपी घातली, तिला चला म्हणून हात केला आणि पुढं निघाला. दोन वळणांवर एक गाडी उभी होती, धूर निघत होता. त्यानं एक भाजलेलं रताळं घेऊन तिच्या हातावर ठेवलं. आणि सोजर त्या परक्या रस्त्यावर, एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात रताळं घेऊन, मोठमोठ्यानं रडली. कारण गाडीवाला तोच होता. त्यानं तिचं लुगडं ओळखलं, हसला, आणि डोंगराकडं बोट केलं. वर, वर.

मग ते चढण. पोलिस पुढं, ती मागं. तो बोलला नाही, वळून पाहिलंही नाही. फक्त घसरणीची जागा आली की थांबायचा, हातातली बत्ती मागं धरायचा, आणि ती पार झाली की पुन्हा चालायचा. तो किती अंतर ठेवून चालत होता, हे सोजरला आजही अंगानं आठवतं. बैलगाडीच्या जोखडापासून चाकापर्यंत असतं तेवढं. अर्जुन लहान होता तेव्हा तिला माहेरी न्यायला असाच यायचा, गाडीच्या पुढं पुढं चालायचा, गडी होऊन. बोळाच्या तोंडाशी येईपर्यंत तिच्या मनात हे पक्कं होऊन बसलं होतं: न्यायला आला तो मुराळी. आणि मुराळी दाराशी आला की काय करायचं ते आईनं शिकवलं होतं, ते तिच्या हातांना पाठ होतं. पोलिस दारापुढं थांबला, टोपीला हात लावून वळणार, तर ती “थांबा, दादा!” म्हणून आत धावली आणि लोटा भरून आली. त्याला वाटलं प्यायला पाणी आणलं. त्यानं हात पुढं केले. तिनं वाकून लोटाभर पाणी त्याच्या पायांवर ओतलं. बुटांवर. बर्फात. ओतता ओतताच तिला कळलं की हे काय झालं; पण अर्धा लोटा ओतून थांबणं जास्त वाईट, म्हणून तिनं सगळा ओतला. तो हलला नाही. पाय मागं घेतला नाही. लोटा रिकामा होईपर्यंत जागच्या जागी उभा राहिला, मग कमरेत वाकला, आणि भिजलेल्या बुटांचा पचपच आवाज करत उतार उतरून गेला. तो का हलला नाही, हे तिला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं शालिग्रामला सांगितलं, आणि तापाच्या त्या सगळ्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला. पोट धरून हसला. “बाप्पा! पोलिसाले मुराळी केलं! अन् थंडीनं मारलं बिचाऱ्याले!” शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही काही न समजता हसला. सोजरला वाटतं, त्याचा ताप त्या दिवशी उतरला.

हीच गोष्ट तिनं परत आल्यावर उंद्रीला सांगितली होती. आईच्या ओसरीवर बायका जमल्या होत्या, तिनं मोठ्या कौतुकानं सांगितली, बुटांचा पचपच आवाजसुद्धा काढून दाखवला. आई डोळे पुसत हसली. बायकाही हसल्या, पण दोन दिवसांत गोष्ट गावातून फिरून आली तेव्हा तिच्यातला बर्फ गेला होता, रताळं गेलं होतं. परक्या मरदाच्या मांगं अंधारात गेली अन् त्याचे पाय धुतले, एवढंच उरलं होतं. पारावर कुणीतरी अर्जुनरावाला दाजी कसे आहेत म्हणून विचारलं, आणि कोणते दाजी, म्हणून हसलं. तो तणतणत घरी आला. त्या रागाला सोजरनं अजून नाव दिलेलं नाही. भावाला राग आला तो बहिणीसाठी की स्वतःच्या पटक्यासाठी, हे बहिणीनं विचारायचं नसतं. आणि कोबेचे लोक देव होते असं तरी सोजर कुठं म्हणत होती? तिथंच ट्रामच्या खिडकीतून तिनं सूतगिरणीच्या पोरी पाहिल्या होत्या. खेड्यापाड्यातून आणलेल्या, बारा-पंधराच्या, डोक्यात तंतू अडकलेले, रांगेनं चाललेल्या; पुढं एक बाई, मागं एक पुरुष. शालिग्रामनं सांगितलं होतं, बाप करार करून ठेवून जातो, रात्री फाटकाला कुलूप असतं, पळू नयेत म्हणून. आपलाच कापूस कातत होत्या त्या. घाटावरून, बहुतेक अर्जुनच्या शेतातूनही गेलेला. त्यांनाही राखण होती. माहेरी नेणारं कुणी नव्हतं. आणि या हिवाळ्यात शालिग्रामनं कंपनीत वाचलेलं वर्तमानपत्र घरी येऊन सांगितलं, आवाज खाली करून, झुंबरबाईला ऐकू जाऊ नये असा: चीनमधल्या एका शहरात जपानी शिपायांनी बायकांचं काय काय केलं ते. तिनं विचारलं, “थो गेला असंन का हो तिकडं? देवीच्या व्रणाचा?” शालिग्राम म्हणाला, “पोलिस होता थो. शिपाई नाही.” पण त्यालाही माहीत नव्हतं. त्या रात्री ती जागीच होती. आपल्या गल्लीत बत्ती धरणारा हात परक्या गावात काय करतो? ती त्या हाताला कितीदा उलटून पालटून पाहत राहिली. मग तिनं एवढंच ठरवलं की त्या चढणीवर तो आपल्याशी जसा चालला, तेवढं खरं आहे. तेवढं कुणाला पुसू द्यायचं नाही. गावाला नाही, त्यालासुद्धा नाही.

घाट सुरू झाला. मोटार पहिल्या वळणावर कण्हली, सगळे एका अंगाला कलले, आणि वळण संपलं तरी रामराव सरळ झाला नाही. आता त्याचा हातही बाकावर आला होता, तिच्या मांडीलगत. सोजरनं डोळे उघडले. तिला राग आला, पण त्याआधी एक मोठं नवल वाटलं. इतकं सोपं असतं, आणि याला ते येत नाही. थोडं लांब चालायचं, बस. ती उठून उभी राहिली, टपाची दांडी धरली, आणि क्लीनरलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मामा, रंगरावनं तुमाले माह्या सोबतीले देलं, माह्या मांडीले नाही.” मग मागच्या बाकावर कोंबड्यांची डालगी घेऊन बसलेली एक म्हातारी खिदळली. “माय वं! ऐकलं का रे पोट्टेहो?” मग सगळी मोटार हसली. रामराव पटका सावरत म्हणाला, “गाडी हालते तं मी काय करू?” “गाडी तं माही बी हालते,” म्हातारी म्हणाली, “माह्या कोंबड्या कुठी तुह्या अंगावर गेल्या बे?” सोजर बाकांमधून वाट काढत मागं गेली. म्हातारीनं डालगी मांडीवर घेतली आणि जागा केली. “बस, माय. एकटी हाय का?” या विचारण्यात काही नव्हतं, नुसतं विचारणं होतं. “हाव,” सोजर म्हणाली. “मी बी,” म्हातारी म्हणाली. डालगीतून एक कोंबडी मान काढून सोजरच्या बांगडीला चोच लावून पाहत होती.

उंद्रीला उतरली तेव्हा दुपार कलली होती. वेशीपासून घरापर्यंतचा रस्ता मोठा नाही, पण त्यावर जितके ओटे तितके डोळे. “अर्जुनची सोजर नाही का थे?” “एकटीच?” “मी मनलंच होतं.” ती रस्त्याच्या मधून चालली. भिंतीच्या कडेनं चाललं तर पळून आल्यासारखं दिसतं, हे तिला आत्ताच सुचलं. पायांत धूळ, घशात आईचं नाव. तिला सारखं वाटत होतं, आपल्या पुढं कुणीतरी चालतं आहे. ती पाहत नव्हती, पण अंतर कळत होतं. जोखडापासून चाकापर्यंत. अर्जुनराव ओट्यावर हरभरा निवडत बसला होता. बहीण दिसली तसा उठला, आणि त्यानं आधी तिच्या मागं पाहिलं, मग बाजूला, मग तिच्याकडं. “संगं कोन हाय?” तो म्हणाला. “मायले पाहाले आली मी,” सोजर म्हणाली. “शालिग्रामरावनं धाडून देलं?” “भाकरी टाकून आली त्याइच्या. दोन दिसांनी जाईन वापस.” “एकटी?” “एकटी.” तो दारातच उभा होता. दार अडवायला नव्हे. बाजूला व्हायचं असतं हे त्याला सुचत नव्हतं. समोरच्या ओट्यावर माणसं उभी राहिली होती. त्याची बायको सत्यभामा आतून डोकावली आणि तोंडाला पदर लावून थबकली. सोजरला वाटलं, आता जर हा हलला नाही तर मी इथूनच आईला हाक मारीन, आणि आईला आवाजावरूनच कळेल की लेक दाराबाहेर आहे. नको. ते नको. तेवढ्यात आतून, खाटेवरून, पेजेवर जगणाऱ्या माणसाचा असतो तसा पातळ आवाज आला. “कोन हाय रे अर्जुन?”

“सोजर आली.”

आत खाट करकरली. “घ्याले कोन गेल्तं?”

समोरचे ओटे कान देऊन होते. सोजरनं उंबऱ्याबाहेरूनच, पण सगळ्यांना जाईल अशा आवाजात सांगितलं, “कोनी नाही, माय. मीच मले घेऊन आली.”

आई रडते आहे की काय, असं सोजरला वाटलं. सासूचे शब्द, दुखण्यानं नाही, काळजीनं. मग आतून एक खोकला आला, आणि त्या खोकल्यात, सोजरला चांगलं ओळखू आलं, थोडं हसू होतं. ओसरीवर बुटांचा आवाज काढून दाखवला होता तेव्हाचं. “मंग मुराळी दारात ताटकळला अन् तुमी पाह्यत काय राह्यले? पायावर पानी घाला त्याच्या.”

सत्यभामा लोटा घेऊन आली. उंबऱ्याशी अर्जुनरावानं तिच्या हातातून तो घेतला. त्यानं घेतला की हिसकला, हे सोजरला कळलं नाही. तो वाकला. लोकांदेखत वाकला. रांजणातलं पाणी तिच्या धुळीच्या पायांवर पडलं, धूळ काळी झाली, मग गेली. लोटा रिकामा झाला. त्यानं वर पाहिलं नाही. सोजरनं आत यायला पाऊल उचललं.

“आनखी एक लोटा आन,” आतून आई म्हणाली. “थो मुराळ्याचा झाला. माह्या लेकीचा राह्यलाच हाय.”

अर्जुनराव रांजणाकडं गेला. सोजरनं उचललेलं पाऊल पुन्हा ओल्या मातीत ठेवलं. भाऊ लोटा बुडवतो आहे, पाणी बुडबुड वाजतं आहे. तो आला, पुन्हा वाकला, आणि या खेपेला त्यानं पाणी हळू ओतलं, दोन्ही पायांवर सारखं. माघाचं पाणी, गार, हाडांपर्यंत गेलं. सोजरनं पाय हलवला नाही. लोटा पुरता रिकामा होईपर्यंत ती जागच्या जागी उभी राहिली, आणि मग कमरेत वाकून आत गेली.